बांधीतले भारे आणि पाळीवरची धाव

धान पिवळं पडलं की आमच्या गावात दोन कामं एकदमच सुरू होतात. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, विळे उतरतात आणि तलावाच्या मातीच्या पाळीवर पोलीस भरतीची पोरं धावू लागतात. यंदाही लागली आहेत. माझं घर पाळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यामुळे उजाडायच्या आत त्यांची पावलं ऐकू येतात. मी अंथरुणातूनच कान देतो. कोण टाच आपटतो आहे, कोणाचा श्वास तोंडानं चालला आहे, कोण नीट न झोपता आला आहे, एवढं मला अजून कळतं. सगळी नोकरी शाळेत कवायत शिकवण्यात गेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कान तेवढे शाबूत राहिले.

मग मी उठतो, चूल आता नाही, गॅस पेटवतो. एकट्याच्या चहाला घरातलं सगळ्यात लहान पातेलंसुद्धा मोठं होतं. कुसुम जाऊन चार पावसाळे झाले. मुलगा नागपूरला असतो. रविवारी फोन करतो आणि विचारतो, "बाबा, फिरायला जाता ना?" मी हो म्हणतो. पण या दिवाळीपर्यंत जात नव्हतो. लोकांच्या पोरांना जन्मभर चालायला लावणारा माणूस अंगणापलीकडे पाऊल टाकत नाही, हे त्याला कसं सांगायचं? पाळीवर गेलो तर पोरं थांबतील, पायाशी वाकतील, आणि त्यांच्यातलं कोणीतरी म्हणेल, "सर, ते गोष्ट सांगा ना."

ती गोष्ट खोटी आहे. तेच लिहायला बसलो आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पोलीस भरतीची बातमी आली आणि पहिल्यांदाच आमच्या गावातल्या मुलींनीही अर्ज भरले. सिंदेवाहीहून यायचं तर तेव्हा दिवसात मोजक्या एसट्या. गावात मैदान नव्हतं. शाळेमागची जागा चिखलाची. मैदान म्हणून होती ती तलावाची पाळ, मालगुजारीच्या काळातली, रुंद, दोन्ही अंगांना येनाची आणि मोहाची झाडं. एका बाजूला पाणी, त्यावर शिंगाड्याचे वेल. दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या. कार्तिकात पहाटे तिथं इतकं धुकं असायचं की पुढचा धावणारा दिसायचा नाही, त्याचा आवाज फक्त यायचा.

आवाजावरच माझी सगळी पद्धत उभी होती. तालुक्याला तेव्हा एक-दोन जण भरतीची तयारी करून घेत. ओकारी येईपर्यंत पळवायचे. मला ते पटत नसे. माझा नियम एवढाच, की धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात धावता आहात. गाणं म्हणता येत असेल तर जरा वाढवा. आधी चालायचं, मग हळू धावायचं, मग पुन्हा चालायचं. आठवड्यात एक दिवस काही करायचं नाही. गावातली माणसं हसत. "सर, पोट्ट्याईले वरातीत नेऊन राह्यले का?" पाळीवरून खरोखरच वरात चालल्यासारखी बडबड ऐकू यायची.

त्या बडबडीत सगळ्यात मोठा आवाज रतनचा. सोमाजीची ही मुलगी. त्यांच्या घरी तलावातली मासेमारी, शिंगाडे, आणि हंगामात दुसऱ्यांच्या बांधीत मजुरी. रतन किडकिडीत, उंच, आणि तिचा श्वास लांब. लहानपणापासून पाण्याखाली बुड्या मारून झालेला असावा. तिच्या मागे नरेश, ग्रामसेवकांचा मुलगा. बारावीनंतर दोन वर्षं पुस्तकं घेऊन बसल्यानं अंगानं सुटलेला. पहिल्या आठवड्यात तो पहिल्या मोहापर्यंतही पोचायचा नाही.

"रतने, हळू ओ!"

"हळूच हाये. तू का कमरेले बैल बांधून आणला का?"

"दम लागून राह्यला मले."

"मंग बोल ना. सर म्हणते बोलत बोलत धावा. तू तं भात शिजल्यावानी नुसता फुसफुसतेस."

धुक्यात सगळे हसायचे आणि हसताना धावायचे. मी सायकल हातात धरून मागे चालायचो. तेवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही.

विशीतल्या शरीरात काय घडतं ते मी त्या महिन्यात रोज पाहिलं. गळ्याच्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघायला मी त्यांना शिकवलं होतं. सुरुवातीला धावून आल्यावर नाडी किती तरी वेळ उड्या मारत राहायची. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले, गावात नाटकाचा मांडव पडला, तोवर तीच नाडी एक लोटा पाणी पिईस्तोवर शांत होऊ लागली. नरेशचा सदरा पोटावर सैल झाला. तो म्हणाला, सर, आता वाचायला बसलो तर झोप येत नाही, आणि झोपलो तर जाग येत नाही. एका मुलीची आई माझ्या दारात येऊन भांडून गेली, "तुमच्या धावण्यानं माझा कोठीतला तांदूळ सरला!" भूक वाढली होती, रंग उजळला होता, मान ताठ झाली होती. कोणालाही पिळून न काढता. रोज थोडं, आणि रोज. त्या वयाचं शरीर मागाल तेवढं देतं, वर मूठभर जास्तच देतं. म्हणून त्याच्याकडे मागणाऱ्यालाच अक्कल पाहिजे. हे वाक्य मी तेव्हा वहाणा काढताना पोरांना ऐकवायचो. मला ते स्वतःला लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

मग कापणी सुरू झाली.

कापणी ज्यांनी केली नाही त्यांना ती चित्रासारखी वाटते. दिवसभर कमरेत वाकून विळा चालवायचा. दोन-तीन दिवस धान बांधीतच वाळायचं. मग भारे बांधायचे आणि डोक्यावर घेऊन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून खळ्यापर्यंत न्यायचे. धुरा दवानं निसरडा. डोक्यावरचं ओझं डुलत असतं आणि प्रत्येक पाऊल जपून, पण जोरानं रोवावं लागतं. भारा वाहणाऱ्या बाया चालत नाहीत, अर्धवट धावतात. थांबलं की मानेवर ओझं जास्त वाटतं म्हणून.

रतन पहाटे पाळीवर यायची आणि तिथूनच परस्पर बांधीत जायची. ओढणीत उकडलेले शिंगाडे बांधलेले असायचे, तीच तिची न्याहारी. आणि ज्या बांधीत ती जायची, ती बांधी माझी होती.

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आमची थोडी धानाची शेती होती. त्या वर्षी मजूर मिळत नव्हते, कुसुमनं सोमाजीच्या घरी निरोप धाडला होता. पहाटे माझ्या शिटीवर धावलेली मुलगी दुपारी माझेच भारे वाहायची. मी शाळेतून सायकलवर येताना तिला धुऱ्यावर पाहायचो. ओझ्याखाली तिची मान दिसायची नाही. मी हात करायचो. ती ओझ्याखालूनच हसायची. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी नरेशला जेवढं धावायला सांगायचो, तेवढंच तिला.

नरेश धावून घरी जायचा, गरम पाण्यानं आंघोळ करायचा, दूध प्यायचा, आणि जेवून झोपायचा. माझा व्यायाम मध्यम होता तो त्याच्यासाठी. रतनसाठी तो आधीच भरलेल्या भाऱ्यावर ठेवलेला आणखी एक भारा होता. मजुरी ही मजुरी आणि व्यायाम हा व्यायाम, असे माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे होते. पगारी माणसाच्या डोक्यात असतात. घाम एकाच अंगाचा असतो हे मला कवायतीच्या कुठल्या शिबिरात शिकवलं नाही, आणि मी डोळ्यांनी पाहिलं नाही.

कुसुमनं पाहिलं. जेवताना म्हणाली, "ते रतन धुऱ्यावर बसून पाय चेपून राह्यली होती."

"थकली असेल. भारे जड आहेत यंदा."

"थकली तं दोनी पाय चेपन ना जी. ते एकच धरून बसली होती."

मी भाजी वाढायला सांगितली.

दोन दिवसांनी रतन माझ्याजवळ आली. सगळे पाळीवर जमले होते. तिनं नडगीवर एका जागी बोट ठेवलं. "सर, इथी दुखून राह्यलं. रात्रीबी दुखते. आज नुसती चालू का?"

भरती तोंडावर आली होती. मुलींमध्ये माझी सगळी आशा तिच्यावर होती. खरं सांगायचं तर तिच्यावर नाही, माझ्या पद्धतीवर. गावातली मुलगी निवडली गेली की तालुक्याच्या त्या पळवणाऱ्यांची तोंडं बंद होतील, असं चित्र मी मनात रंगवलं होतं. ते फाटताना दिसलं आणि मला राग आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "का ओ रतनबाई, भारे वाहताना पाय दुखत नाही, धावतानाच दुखतो का?"

सगळे हसले. नरेशही हसला. रतन हसली नाही. मी ज्या भाऱ्यांचं नाव घेतलं ते कोणाचे होते, हे तिथल्यांपैकी तिला आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. ती धावायला लागली. त्या दिवशी पाळीवर तिचा आवाज आला नाही. धावताना बोलता आलं पाहिजे, हा माझा नियम. ती बोलत नव्हती, आणि मी तिला थांबवलं नाही.

मधल्या वळणावर ती बसली. मी म्हणालो, ऊठ. ती पायाकडे बघत राहिली. मी बाकीच्यांना म्हणालो, मागं पाहू नका, ज्याला सोडायचं त्यानं सोडावं. ते गेले. धुक्यात त्यांचा आवाज लांब लांब होत गेला. मीही गेलो. ती झाडाची फांदी टेकत घरी पोचली, हे मला नंतर कळलं.

आठवड्यानं सोमाजी आला. आमच्या अंगणात तो नेहमी मासे घेऊन यायचा, त्या दिवशी रिकाम्या हातानं आला. खाटेवर बस म्हटलं तर खालीच बसला.

"सर, ब्रह्मपुरीले नेलं होतं पोरीले. हाडाले चीर गेली म्हणते डाक्टर. पलस्तर केलं."

मी काहीतरी बोललो.

"भरतीचं तं गेलं. ते जाऊ द्या, नशीबात नाई. पण लोक म्हणून राह्यले, पोट्टी भेली, नखरे करून राह्यली. मी बोललो होतो तिच्या मामाले, येवढी भरती होऊ दे, नाई जमलं तं फागुनात लगन. आता ते पोराकडचे लोक बी म्हणतीन का, अर्ध्यातून पळणारी पोट्टी हाये म्हणून." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "तुमी सांगा ना जी लोकाईले. तुमचं आयकते."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानं हात जोडले. मी सांगतो म्हणालो एवढ्यासाठी त्यानं हात जोडले.

भरतीत आमच्या गावचे तीन जण लागले. नरेश त्यांच्यात होता. शाळेच्या पटांगणात सत्कार झाला, मलाही शाल दिली. बोलायला उभा राहिलो तेव्हा सोमाजी कडेला, निंबाखाली उभा होता. आता सांगावं, असं मनात आलं. पण सांगायचं तर हाड का चिरलं तेही सांगावं लागलं असतं, भारे कोणाचे तेही. समोर टाळ्या वाजवायला बसलेले लोक होते. आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हणालो, "व्यायाम शरीराला घडवतो, पण जिद्द पाहिजे. आमच्यात एक मुलगी होती. सगळ्यांहून चांगली धावायची. भरती तोंडावर आली आणि ती पाळीवर बसली. तिनं मधेच सोडलं. ज्यांनी सोडलं नाही ते तुमच्यासमोर आहेत." नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. टाळ्या पडल्या. सोमाजीनं दुपट्टा डोक्याला बांधला आणि शांतपणे निघून गेला. त्यानंतर त्याने आमच्या अंगणात मासे आणले नाहीत. कुसुम त्या दिवसानंतर माझ्या भाषणांना आली नाही.

एकदा चाललेलं नाणं माणूस पुन्हा पुन्हा चालवतो. पुढल्या हिवाळ्यात नवी पोरं आली, त्यांना मी तीच गोष्ट सांगितली. त्याच्या पुढल्यांनाही. सांगता सांगता तिला धार आली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, हे बसत गेलं. काही पोरं शिपाई झाली, काही वनरक्षक, काही स्वतःच शिक्षक, आणि ती गोष्ट आपापल्या गावी घेऊन गेली. रतनचं फाल्गुनात लग्न झालं होतं. आरमोरीकडे दिली, एवढंच माझ्या कानावर आलं. मी निवृत्त झालो. शिटी शाळेत जमा केली. घर रिकामं होत गेलं, तसा त्या धुक्यातल्या पहाटेतला, हसणं थांबल्यानंतरचा तो एक क्षण माझ्यासोबत राहायला आला. एकटेपणा म्हणजे माणसं नसणं नव्हे. ज्याच्याशी बोलायचं टाळलं, तेवढाच एक जण घरात उरणं.

या दिवाळीनंतर नरेश भेटायला आला. आता तो पोक्त झाला आहे, पुन्हा सुटला आहे. सहज बोलून गेला, "आरमोरीच्या बाजारात रतन दिसली सर. मासे विकते. मले ओळखलं नाई, का ओळख दिली नाई, कोण जाणे."

मी ब्रह्मपुरीला एसटी बदलून आरमोरीला गेलो. बाजार भरात होता. ती मासळीच्या रांगेत बसली होती, पुढ्यात मरळ आणि झिंगे, पायाखाली विळी. अंगानं भरली होती. मी समोर उभा राहिलो. तिनं वर पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"सर, तुमी? इकडं कुठी?"

"तुझ्याकडेच आलो."

"बसा." तिनं एक उलटं घमेलं पुढे सारलं. "बाई गेल्या म्हणे तुमच्या. मले बांधीत रोज पेज आणून देत. लई मायेच्या होत्या."

मी सांगायला सुरुवात केली. पाय, भारे, सोमाजीला दिलेला शब्द. ती माशाचे खवले काढत राहिली. मध्येच एका गिऱ्हाइकाशी घासाघीस केली, त्याला चिरून दिलं, पुन्हा खवले काढू लागली. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, "मले काऊन सांगता सर? मले माहीत हाये. पाय माझाच होता."

तिनं टोपलीतला दुसरा मासा उचलला.

"माझी पोरगी बारावीत हाये. तिच्या शाळेत कोण्या सरानं गोष्ट सांगतली. घरी येऊन मले सांगे, आई, एक पोट्टी होती म्हणे, लई चांगली धावे, अन् भरती आली तशी पाळीवर बसली. मी अशीच मासे चिरत होती. का सांगू तिले, ते मीच होय म्हणून?" तिनं विळी पुसली. "बाबा मरेपर्यंत म्हणत होते, सर सांगतीन. सर सांगतो म्हणले होते."

"मी आता काय करू रतन?"

"ज्याईले सांगतलं त्याईले सांगा." मग जरा थांबून, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात, "मरळ नेता का? एकट्याले एक पुरते. चिरून देऊ?"

मला रांधता येत नाही, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

परवा पहाटे मी पाळीवर गेलो. किती वर्षांनी गेलो. येनाची झाडं बरीच कमी झाली आहेत. पोरं थांबली, वाकली, भोवती गोळा झाली. मुलीच जास्त. पायांत सगळ्यांच्या बूट. रंगीत नाड्यांचे. आणि एक जणी म्हणालीच, "सर, ते गोष्ट."

घरून मी वाक्यं जुळवून आणली होती. एकही आठवेना. मी भलतंच विचारलं. "काल भारे वाहायला कोण कोण गेलं होतं?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक हात वर गेला, मग दुसरा, आणि मग जवळजवळ सगळेच. इतकी वर्षं इतक्या पोरांना धावायला लावलं, हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

"ज्यांनी हात वर केले त्यांनी आज धावायचं नाही," मी म्हणालो. "घरी जा. पेज प्या. झोपा."

कोणीही हललं नाही.

"आमचं का चुकलं सर?" पुढची मुलगी म्हणाली.

"काही नाही चुकलं."

"मंग घरी काऊन पाठवता? आमी सोडणाऱ्या नोहो. आमी ते बाईवानी नाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कडेला एक मुलगी उजवी टाच जमिनीला न टेकवता उभी होती. तिनंही डोलावली.

मी पाळीवरच खाली बसलो आणि त्यांना बसायला सांगितलं. म्हणालो, त्या बाईचं नाव रतन. सोमाजीची मुलगी. तिनं सोडलं नव्हतं. दिवसभर ती माझ्या बांधीतले भारे वाहत होती आणि पहाटे माझ्या शिटीवर धावत होती. तिचं हाड चिरलं होतं. तिनं मला जागा बोटानं दाखवली होती, आणि मी तुमच्यासारख्याच पोरांसमोर तिची थट्टा केली. तिच्या बापाला खरं सांगतो म्हणालो, आणि तेव्हापासून खोटं सांगत आलो. तुमच्या घरच्यांना सांगा. तुम्हाला ही गोष्ट ज्यांनी ज्यांनी सांगितली, त्यांना सांगा.

खाली बांधीत बाया कामाला लागल्याचा आवाज येत होता. मग कडेची ती मुलगी बसल्या बसल्या पुढे सरकली, उजव्या बुटाची नाडी सोडली आणि पाय माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "सर, माझा बी पाहा ना."